झाकणाखालचं माकड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका खेळण्याविषयी बोलायचं आहे. तुम्ही ते पाहिलं असेल, कदाचित घरात असेलही. वीतदीड वीत लांबीची प्लॅस्टिकची पेटी, तिच्यावर चार किंवा पाच झाकणं आणि प्रत्येक झाकणापुढं एकेक कळ. एक कळ दाबायची, एक सरकवायची, एक खाली ओढायची, एक फिरवायची. कळ नीट लागली की झाकण फट्‌दिशी उघडतं आणि आतून माकड, हत्ती, सिंह असं कुणीतरी डोकं वर काढतं. झाकण दाबलं की ते पुन्हा आत. खेळ एवढाच. आमच्या हिंगोलीकडं त्याला धड नावही नाही. कुणी प्राण्यांचा डबा म्हणतं, कुणी माकडाची पेटी म्हणतं.

मी अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका होते. कागदोपत्री त्या पदाला मुख्यसेविका म्हणतात. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या गावांतून फिरताना वजनकाटा, आहाराची नोंद, लसीकरणाचं कार्ड यांच्याबरोबर लेकरांची खेळणीही दिसत. साधारण 2000 सालानंतर ही पेटी गावोगावच्या घरांत दिसायला लागली. मुंबई-पुण्याला असलेला मामा आणायचा, नाहीतर हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनीतून यायची. रामलीला मैदानावरचा हा दसरा दीडशे वर्षांहून जुना. रावण जळेपर्यंत आणि त्याच्या पुढंमागंही तिथल्या दुकानांतून आमच्या पाच तालुक्यांतली लेकरं आईबापाचा हात ओढत असतात.

या पेटीबद्दल आयांना विचारलं की एक गंमत कळायची. सगळ्यांचा अनुभव जवळपास सारखा. पेटी आणल्या दिवशी लेकरू तिच्याकडं ढुंकून बघत नाही, ते ज्या खोक्यातून आली त्या खोक्याशी खेळतं. पहिले दोन-तीन महिने बापच खेळतो. लेकरू सहा-सात महिन्यांचं असलं की बघून खिदळतं, पण कळीला हात लावत नाही. त्याला कळ चघळायची असते. मग एके दिवशी ते उघडलेलं झाकण थोपटून बंद करतं. हे बहुतेक आयांनी सांगितलं: लेकरू आधी बंद करायला शिकतं, उघडायला नंतर. दाबायची कळ सगळ्यांत आधी जमते, फिरवायची सगळ्यांत शेवटी, कधी कधी दीड वर्ष उलटून गेल्यावर. तोवर मोठं भावंडं पेटी पळवतं, झाकणात बोट चेमटून एकदा रडारड होते, आणि स्वस्तातली पेटी असली तर पंधरा दिवसांत एखादी बिजागरी तुटते. वसमतकडच्या एका आजीबाईंनी मला अशी पेटी दाखवली होती. चार झाकणं उडत होती, पाचवं ढिम्म. आजी गंभीरपणे म्हणाल्या, “ह्यातलं माकड मेलं बघा.”

मी ती पेटी उघडून पाहिली. आत काहीच नाही! घड्याळासारखी चाकं असतील असं मला वाटत होतं. प्रत्येक झाकणाला तारेची एक बारकी स्प्रिंग आणि त्याला अडवून धरणारा एक आकडा. दाबा, सरकवा, ओढा, फिरवा, आत काम एकच होतं, आकडा बाजूला सरकतो. फरक आहे तो बाहेर, लेकराच्या हातात. दाबायला नुसता तळवा पुरतो. सरकवायला बोटं लागतात. फिरवायला चिमूट आणि मनगट दोन्ही. पाच-सहा महिन्यांचं लेकरू वस्तू अख्ख्या मुठीत धरतं, नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमायला लागते, मनगट वळवून फिरवणं त्याच्याही पुढचं. म्हणजे पेटी ज्यानं बनवली त्यानं वर्षभराची वाढ एका ओळीत मांडून ठेवली आहे. ही गोष्ट पुढं मला फार उपयोगी पडायला हवी होती. ती कशी पडली नाही ते शेवटी सांगते.

आता थोडं मागं जाऊ. आपल्याकडं तान्ह्या लेकराला काय खेळायला होतं? सुतार पाळणा करून द्यायचा, पाय फुटायच्या वेळी पांगुळगाडा करायचा, तो बलुत्यातच. ऐपत असेल त्या घरी सोनार चांदीचा खुळखुळा आणि घुंगराचे वाळे घडवायचा, नसेल तिथं वाळक्या भोपळ्यात खडे घालून खुळखुळा होई. पाळण्याला कापडी राघू टांगलेले असत. पोळ्याला मातीचे बैल. थोड्या मोठ्या पोरांना ज्वारीच्या धांड्याची गाडी. निजामाच्या राज्यात आपण होतो तेव्हा निर्मळची लाकडी खेळणी तेलंगणातून नांदेडच्या बाजूनं इकडं येणं अवघड नव्हतं. हलक्या लाकडाची, चकचकीत रंगवलेली फळं आणि पाखरं. पण ती दिवाणखान्यात मांडायची, लेकराच्या तोंडात द्यायची नव्हेत.

खेळण्यांचा इतिहास लिहिणारे आणखी मागं जातात. हडप्पा संस्कृतीत भाजल्या मातीचे खुळखुळे आणि चाकांच्या गाड्या सापडल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात दायमाबादला 1974 साली चाकांवरचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी काशाची चार शिल्पं मिळाली. फोटोत ती खेळण्यासारखी दिसतात, पण चारांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर आहे, तेव्हा ती लेकराच्या हातची नव्हेत हे उघड आहे. खेळण्याचं आणि आईबापाच्या ऐपतीचं नातं सांगणारी सगळ्यांत जुनी आठवण मला शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात सापडते. चारुदत्ताचा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आलेला असतो आणि आपली मातीची गाडी त्याला नकोशी होते. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरून देते. नाटकाचं नावही त्या गाडीवरून पडलं. मुलाला दुसऱ्याचं खेळणं दिसतं तेव्हा घरातल्या बाईची काय अवस्था होते हे शूद्रकाला चांगलं ठाऊक होतं.

पण नीट बघा, या यादीत एक मोठी फट आहे. खुळखुळा लेकराला ऐकवायचा, राघू दाखवायचे. पांगुळगाडा उभं राहिल्यावर. मधल्या सहा-सात महिन्यांत, जेव्हा लेकरू बसतं, हात पुढं करतं आणि जगात आपल्या करण्यानं काही घडतं का हे पाहतं, तेव्हा त्याच्या हातात काय होतं? वस्तू म्हणून फारसं काही नव्हतं. पळी, वाटी, डब्याचं झाकण. आणि होता आईचा पदर. पदराआड तोंड लपवायचं, “बाळ कुठं गेलं?” म्हणायचं आणि “कुकूऽक” करत तोंड बाहेर काढायचं. जगात बहुतेक सगळीकडं या खेळाचं काही ना काही रूप आढळतं. माझं म्हणणं असं की ही प्लॅस्टिकची पेटी म्हणजे तोच पदर आहे, फक्त स्प्रिंग लावलेला.

युरोपात मात्र हा खेळ वेगळ्या वाटेनं पेटीत शिरला. तिथं ‘जॅक इन द बॉक्स’ नावाचं जुनं खेळणं आहे. पेटीचं झाकण उघडलं की स्प्रिंगवरचा बाहुला उसळी मारतो. फ्रेंच लोक त्याला पेटीतला सैतान म्हणतात, जर्मन भाषेतही सैतानच. इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या जॉन शॉर्न नावाच्या धर्मगुरूनं सैतानाला बुटात कोंडलं अशी आख्यायिका होती, आणि खेळण्याचा उगम काही जण तिथं शोधतात. ते खरं असो नसो, त्या खेळण्याचा स्वभाव त्यातून कळतो. ते दचकवायला केलेलं होतं. पुढं त्याला दांडा आला, दांडा फिरवत राहायचं, गाणं वाजत राहतं आणि सैतान कधी उसळेल ते लहानग्याला सांगता येत नाही. मोठ्यांना मजा, लेकरू भोकाड पसरतं. आपल्या पेटीत हा हिशेब उलटा झाला. झाकणं पाच झाली, प्रत्येकाची कळ समोर आणली आणि सैतानाच्या जागी माकड-हत्ती बसवले. कधी उडायचं ते आता लेकरू ठरवतं. खेळण्यांच्या इतिहासात हा बदल मला विमान-मोटारींच्या खेळण्यांपेक्षा मोठा वाटतो.

हा बदल घडायच्या आधी लेकरांकडं बघण्याची माणसांची दृष्टी बदलली होती. स्वित्झर्लंडमधले जाँ पियाजे यांनी आपल्या स्वतःच्या तीन मुलांकडं वही घेऊन पाहिलं. वस्तू रुमालाखाली झाकली तर लहान मूल ती शोधत नाही, जणू ती संपलीच. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास ते रुमाल उचलायला लागतं. 1937 साली आलेल्या पुस्तकात त्यांनी हे मांडलं. पुढं 1985 मध्ये रेने बेयार्जाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या नजरेवरून दाखवलं की पाच महिन्यांच्या मुलालाही झाकलेली वस्तू तिथंच आहे याचा काही अंदाज असतो, हात मात्र मागं राहतात. आमच्या आयांना हे न वाचता माहीत होतं. लेकरू झाकणाकडं टक लावून बघतं ते उगीच नव्हे.

याहून जुनी एक गोष्ट आहे. फ्रॉइडनं 1920 साली छापलेल्या पुस्तकात आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ लिहून ठेवला. दोऱ्याचं लाकडी रीळ, त्याला सुतळी. मुलगा ते पडदे लावलेल्या खाटेच्या कडेवरून पलीकडं टाकायचा आणि ‘गेलं’ अशा अर्थाचा लांब आवाज काढायचा. मग सुतळी ओढून ते बाहेर आणायचा आणि आनंदानं ‘हे बघ’ म्हणायचा. फ्रॉइडचा तर्क असा की आई बाहेर जाते तेव्हा मुलाच्या हातात काही नसतं. रिळाच्या खेळात जाणं आणि येणं दोन्ही त्याच्या हातात असतं. ही आई म्हणजे फ्रॉइडची मुलगी सोफी. ती 1920 च्याच जानेवारीत इन्फ्ल्यूएंझानं गेली.

आपल्याकडं मारिया मॉन्टेसरी 1939 साली मद्रासला आल्या आणि युद्धामुळं इथंच अडकल्या. हातानं करत शिकण्याचा त्यांचा विचार ताराबाई मोडकांनी आधीच उचलला होता. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे यांतून साधनं केली, कारण परदेशी साधनं आदिवासी पाड्याला परवडणारी नव्हती. अंगणवाडी हा शब्द त्यांच्याच कामातून आला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तो शब्द सरकारी झाला. मात्र एक गोष्ट मी नोकरीभर बघितली. शिक्षण म्हणून जे काही होतं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं. तीनच्या आतल्या लेकराच्या वाट्याला वजनकाटा, लस आणि आहाराचं पाकीट. खेळणं नाही. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी घरात काय खेळावं याचा ‘नवचेतना’ नावाचा राष्ट्रीय आराखडा आला तो 2024 मध्ये. एकोणपन्नास वर्षं लागली.

मधल्या काळात बाजारानं ती फट भरली. प्लॅस्टिकच्या साच्यांनी जत्रेतली मातीची आणि पत्र्याची खेळणी मागं सारली, मग चिनी माल आला. भाव पडले म्हणून ही पेटी आमच्या गावापर्यंत पोचली हे कबूल केलं पाहिजे. पण त्याचबरोबर रंगाचा प्रश्न आला. 2007 साली अमेरिकेत फिशर-प्राइसची जवळपास दहा लाख खेळणी रंगातल्या शिशामुळं परत बोलवावी लागली. भारतानं जानेवारी 2009 मध्ये चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी घातली, ती मार्चमध्येच सैल केली. 2020 साली आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं, 2023 साली सत्तर. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचं झालं. जत्रेतल्या चादरीवर ते चिन्ह कोण बघतो, हा प्रश्न वेगळा. तुटकी बिजागरी लेकराच्या घशात जाऊ शकते एवढं तरी आयांनी बघावं, असं मी बैठकीत सांगायची.

आता ती गोष्ट.

2010 चा दसरा झाला होता. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात मी भेटीला गेले. एका घरात ऊसतोडीला निघायची तयारी चालली होती. मुकादमाची उचल आली होती आणि त्या पैशातून आईनं प्रदर्शनीतून ही पेटी घेतली होती. मी म्हटलं, “एवढे पैसे कशाला घातलेस?” ती म्हणाली, “आमी दोघं फडात ऱ्हातो, मॅडम. लेकरू कोपीत ऱ्हाईल. त्येच्या हाताला कायतरी पायजे ना.” मला फ्रॉइडचं रीळ तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

लेकरू दहा महिन्यांचं. पेटी त्याच्यापुढं होती आणि ते झाकणं बंद करत होतं, डाव्या हातानं. उजव्या टोकाचं झाकण बंद करायला त्यानं अख्खं अंग वळवलं आणि डावाच हात तिकडं नेला. उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट, अंगठा आत. आई कौतुकानं म्हणाली, “डावरं हाये. त्येचा आजाबी डावराच व्हता.”

वर्षाच्या आतल्या लेकराचं डावं-उजवं ठरलेलं नसतं. ते दोन्ही हात वापरतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताचं काहीतरी अडलंय, डॉक्टरला दाखवलं पाहिजे. हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, मला ठाऊक होतं. ती पेटी तर माझ्यापुढं तपासणीच करून दाखवत होती. मी काय केलं? घरात बोचकी बांधलेली, ट्रॅक्टर दोन दिवसांत येणार, उचल घेतलेली. मला वाटलं, आता कशाला घाबरवायचं. मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात बघू.” पुढच्या महिन्यात ते कुठल्याशा कारखान्याच्या फडात होते, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

परतले ते एप्रिलमध्ये. लेकरू सव्वा वर्षाचं झालं होतं. उजवा पाय टाचेवर टेकत नव्हता. आता आई स्वतःच विचारत होती. गावाकडच्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं गेलं होतं की काही नाही, मोठेपणी होईल. मग आम्ही नांदेड गाठलं. मेंदूच्या एका बाजूला जन्माच्या आगेमागे इजा झाली होती, त्यामुळं उजवी बाजू कमजोर. तेव्हा जिल्ह्यात मुलांच्या तपासणीची पथकं नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. डॉक्टर मला रागावले नाहीत. लवकर सुरू केलं असतं तर बरं झालं असतं एवढंच म्हणाले, तेही आईकडं बघून. मी मधे बोलले नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, घरी कोणतं खेळणं आहे? आईनं पिशवीतून पेटी काढली. सहा महिने कोपीत राहून तिचा रंग उडाला होता, एक झाकण तुटलं होतं, तिथं रबर बांधलेलं. बाईंनी ती लेकराच्या उजव्या अंगाला ठेवली, डावा हात हलकेच धरून ठेवायला सांगितला आणि दाबायची कळ पुढं केली. ती कळ उघडायला बोटं लागत नाहीत. मूठ आपटली तरी भागतं.

तेवढ्यानं काही त्या दिवशी झालं नाही. लेकरू रडलं, आईही. पावसाळा लागल्यावर मी पुन्हा गेले तेव्हा आईनं मला दारातूनच हाक मारली. लेकरानं उजवी मूठ उचलली, कळीवर आपटली. हत्ती वर आला. ते वर्ष आई ऊसतोडीला गेली नाही, बाप एकटा गेला, अर्ध्या कोयत्यावर.

तो मुलगा आता मिसरूड फुटण्याच्या वयाचा आहे. डाव्या हातानं लिहितो, उजव्यानं वही दाबून धरतो, थोडा लंगडतो, सायकल चालवतो. फिरवायची कळ मात्र त्याला उजव्या हातानं कधीच जमली नाही. ते झाकण तो डाव्या हातानं उघडायचा.